बाईंचा दंत्य ‘त’

बाईंकडे खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी खोली दाखवलीच नाही. मला समोरच्या खुर्चीत बसवलं, भाडेकरार हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मध्येच मी म्हणालो, "हो हो, कळलं." त्या थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय कळलं? सांग."

मला सांगता येईना. त्या पुन्हा त्या कलमाच्या सुरुवातीला गेल्या. करार संपला, सह्यांच्या जागा संपल्या, तरी वाचन चालूच होतं. स्टँप विकणाऱ्याचा शिक्का त्यांनी वाचला, त्याचा पत्ता वाचला आणि तळाला बारीक अक्षरात असलेलं छापखान्याचं नावही वाचलं. मग किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता वर जाऊन बघ. आवडली नाही तर परत ये. माझा आवाज काही वाया जात नाही."

मी पहूरचा. जळगावात एका डाळमिलच्या ऑफिसात अकाउंटचं काम करायचो. बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. बरीचशी नोकरी धुळ्यात झाली, शेवटची काही वर्षं जळगावात. लग्न केलेलं नव्हतं. पिंप्राळ्याच्या बाजूला त्यांचं छोटं दुमजली घर होतं. खाली त्या आणि वर मी. माझं नाव त्यांना नीट माहीत होतं, तरी मला त्या ‘वरचा’ म्हणायच्या. माझ्या आधीचा भाडेकरूही ‘वरचा’च होता म्हणे.

डोळ्यासमोर आलेलं छापील काहीही मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. औषधाच्या डबीतली घडीची चिठ्ठी, बिस्किटाच्या पुड्यावरचे घटक, एसटीच्या तिकिटामागची सूचना, काही सुटायचं नाही. बँकेत त्यांच्या मागे उभं राहायला लोक घाबरायचे. कॅशियर म्हणायचा, "बाई, फक्त सही करा." त्या म्हणायच्या, "न वाचता सही करायला मी काय अंगठेबहाद्दर आहे?" आणि वाचायला लागायच्या. पण मी एक पाहिलं आहे. मागे रांगेत कुरकुरणारी माणसं थोड्या वेळानं ऐकायला लागायची. बाईंचा आवाज तसाच होता. घट्ट, कोरडा, प्रत्येक अक्षर वेगळं सुटं करून समोर ठेवणारा. ‘त’ म्हटलं की त्यांची जीभ दातांना लागलेली आपल्याला ऐकू यायची. शाळेत त्या मुलांना आरशासमोर उभं करून त, थ, द, ध, न म्हणायला लावायच्या. घरी मात्र अहिराणी, तीही मनापासून खूश असल्या की.

या आवाजाचा त्यांनी एक उपयोग करून घेतला होता. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी त्या पुस्तकं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. जळगाव-धुळ्याची बरीच मुलं त्यांच्या आवाजावर परीक्षा देत होती. रोज दुपारी पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामानं निथळत त्या वाचायच्या. त्या वेळात मी जिन्यावरून चढलो तर चप्पल हातात घेऊन चढायचो.

दुसरा नाद शुद्धलेखनाचा. पर्समध्ये कायम खडू असायचा. कोपऱ्यावर किराणावाले शेठ होते, मूळ राजस्थानचे, पण आजोबांपासून जळगावात. दुकानाच्या दारावर उंच टांगलेल्या फळ्यावर ते रोजचे भाव लिहायचे आणि रोज काहीतरी चुकवायचे. बाई दिसल्या की ते स्वतःच स्टूल पुढे करायचे. "चढा बाई. आज दोन तरी निघतील." मला तर संशय आहे की ते मुद्दाम चुकवायचे. बाई फळा दुरुस्त करत असल्या की दुकानासमोर गर्दी व्हायची आणि गर्दीतली निम्मी माणसं काहीतरी घेऊन जायची.

त्या दिवशी फळ्यावर ‘शुध्द तुप’ होतं. बाई चढल्या, ‘तुप’चा उकार दीर्घ केला आणि ‘शुद्ध’कडे वळताना स्टुलाचा एक पाय गटारीच्या झाकणाच्या फटीत गेला. बाई तोंडावर पडल्या, तेही दुकानाच्या दगडी पायरीवर.

शेठनी दुकान उघडंच टाकलं आणि मालाच्या टेम्पोतून बाईंना दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसून होते. सदऱ्यावर रक्त होतं. मला बघून एवढंच म्हणाले, "फळा मी काढून टाकतो."

खालचा जबडा मोडला होता. वरचे समोरचे चार दात गेले होते, खालचेही दोन. जबड्यावर शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दवाखान्यात काढून बाई घरी आल्या. दवाखान्याचं बिल आरोग्य विम्यातून विनातक्रार भरलं गेलं.

त्यानंतरच्या दिवसांत घर इतकं शांत झालं की मला खोलीत बसवेना. दूधवाल्याची पिशवी बाई न वाचता ठेवून द्यायच्या. तोंडावर पदर धरून दार उघडायच्या, मान हलवायच्या आणि दार लावून घ्यायच्या. जबड्याला बांधलेल्या तारा काढल्यावर त्यांनी एकदा रेकॉर्डिंगचा प्रयत्न केला. धुळ्याची एक मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. जन्मापासून दिसत नसलेली, हुशार. तिच्यासाठी त्यांनी राज्यघटनेचा एक धडा वाचून पाठवला. संध्याकाळी तिचा आवाजी निरोप आला. बाईंनी तो माझ्यासमोरच लावला.

"बाई, तब्येत कशी आहे? धडा ऐकला. फक्त एक विचारायचं होतं. ते कलम सात आहे की साठ? मी पुष्कळदा ऐकलं, पण कळेना."

बाईंनी मोबाइल उपडा ठेवला. ‘त’ला जीभ टेकायची ती जागाच राहिली नव्हती. जीभ मागे टाळूला जायची आणि ‘त’चा ‘ट’ व्हायचा. ज्या बाईनं हजारो मुलांचा ‘त’ घडवला, तिला सात म्हणता येत नव्हतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि मीही वर जाऊन नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला एका कागदावर लिहून दिलं: ‘धुळ्याला जायचं आहे.’

धुळ्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दातांची डॉक्टर होती. तिनं फोटो काढले, जबडा तपासला आणि समजावून सांगितलं. काढता-घालता येणारी कवळी स्वस्त पडते, पण जबडा थोडा वाकडा जुळला आहे, त्यामुळे ती नीट धरणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे हाडात स्क्रू बसवायचे आणि हाडानं ते धरले की त्यांच्यावर पक्के दात. याला काही महिने लागतात आणि पैसेही बरेच. "बाई, तोवर कवळी वापरून बघा. आणि विमा आहे ना? अपघातात गेलेत दात, तेव्हा तुम्ही दवाखान्यात ॲडमिट होतात. मी पत्र देते, क्लेम टाका."

बाईंनी एक मुदत ठेव मोडली, तोवरची कवळी करून घेतली आणि स्क्रू बसवून घेतले. कंपनीकडे बिल गेलं. उत्तर आलं ते इंग्रजी आणि मराठी दोन्हीत होतं. बाईंनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मी वाचलं. दातांचं रोपण हा सौंदर्योपचार असून तो पॉलिसीत बसत नाही, खाण्यासाठी कवळी हे पर्यायी व स्वस्त साधन उपलब्ध आहे, सबब दावा नामंजूर.

मला वाटलं, आता या आणखी खचणार. पण बाईंनी पदर खाली घेतला. कित्येक आठवड्यांनी त्यांचं तोंड मला दिसलं. त्या हसत होत्या. बोलल्या ते मला दोनदा ऐकावं लागलं, पण कळलं: "सौंदर्योपचार! अडुसष्ट वर्षांत माझ्यात सौंदर्य कुणाला दिसलं नव्हतं. यांना दिसलं."

मग त्यांनी कपाटातून पॉलिसी काढली आणि वाचायला लागल्या. मोठ्यानं. अक्षरं घसरत होती, ‘स’मधून हवा सुटत होती, पण त्या थांबल्या नाहीत. मी जिन्यात बसून ऐकत होतो. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला ते लक्षातही आलं नाही.

पॉलिसीत सातवं कलम होतं. दातांचा इलाज विम्यात बसत नाही, असं त्यात सुरुवातीलाच म्हटलं होतं. किडलेला दात, हलणारा दात, म्हातारपणी पडलेला दात, हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. पण वाक्य तिथं संपत नव्हतं. अपघातामुळे गरज पडली आणि त्यासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर तो इलाज धरला जाईल, असं पुढे होतं. बाई म्हणाल्या, "लोक स्वल्पविरामापाशी थांबतात. मी पूर्णविरामापर्यंत जाते."

कंपनीकडे तक्रार केली. तेच उत्तर पुन्हा आलं. मग आम्ही विमा लोकपालाकडे अर्ज केला. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही, आपलं आपण बोलायचं. सुनावणी व्हिडिओवर होणार असं कळलं तेव्हा मी जरा घाबरलो. बाईंचं बोलणं आता मला सवयीनं कळायचं. इतरांना कळायचं नाही. मी म्हणालो, "बाई, मी बोलू का तुमच्या वतीनं?"

त्यांनी मान हलवली. "दात माझे गेले. तू काय बोलणार?"

सुनावणीच्या दिवशी मी अर्धी सुट्टी काढली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. बाई इस्त्रीची सुती साडी नेसून ताठ बसल्या. कवळी समोर वाटीत पाण्यात होती. मी वाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात लोकपाल, वयस्कर, शांत चेहऱ्याचे. दुसऱ्यात कंपनीचा अधिकारी, तिशी-पस्तिशीचा, टाय घातलेला. लोकपाल म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं सांगा."

बाई बोलायला लागल्या. दोन-तीन वाक्यं झाली असतील, अधिकाऱ्यानं हात वर केला. "सर, मॅडमचा आवाज तुटतोय. नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय."

लोकपाल म्हणाले, "मॅडम, तुमचा कॅमेरा बंद करून बघा. कधीकधी आवाज सुधारतो."

बाईंनी कॅमेरा बंद केला नाही. सावकाश म्हणाल्या, "माझा मुद्दा कलम सातबद्दल आहे."

अधिकारी कागद चाळायला लागला. "साठ? सर, या पॉलिसीत साठ नंबरचं कलमच नाही. मॅडमनी प्लीज दुसऱ्या जागेवरून जॉइन व्हावं. नेटवर्क फारच खराब आहे."

बाई लॅपटॉपकडे झुकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. पलीकडे दोघांनाही ते कळलं नाही. लोकपालांनी कान पुढे केला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्यासमोर आलो.

"सर, मी यांचा भाडेकरू. त्या म्हणताहेत, नेटवर्क चांगलं आहे. दात नाहीत."

पडद्यावर कुणी हललं नाही. मला क्षणभर वाटलं, खरंच नेटवर्क गेलं की काय.

मग बाईंनी वाटीतून कवळी काढली, पुसली आणि सगळ्यांसमोर बसवली. पॉलिसी उघडून सातवं कलम वाचायला घेतलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत ‘अपघात’ म्हणताना कवळी सुटली. ती त्यांनी तळहातावर झेलली आणि न लाजता कॅमेऱ्यासमोर धरली. दुसऱ्या हातानं कंपनीच्या पत्रातल्या ‘पर्यायी व स्वस्त साधन’ या शब्दांवर बोट ठेवलं. पदर खांद्यावर होता. तो तोंडावर न्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग त्यांच्या सांगण्यावरून मी मोबाइलवर अपघाताच्या आधीचं एक रेकॉर्डिंग लावलं. तो घट्ट, कोरडा आवाज खोलीत आला. ते संपल्यावर धुळ्याच्या मुलीचा निरोप लावला. सात आहे की साठ?

लोकपालांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेब," ते अधिकाऱ्याला म्हणाले, "यातला सौंदर्याचा भाग कोणता, तो मला दाखवा."

अधिकाऱ्यानं आणखी एक मुद्दा काढला. दवाखान्यातून घरी सोडल्यावर इतक्या उशिरानं केलेला इलाज कसा धरायचा? त्यावर डॉक्टरीणबाईंचं पत्र होतंच. मोडलेलं हाड भरल्याशिवाय त्यात स्क्रू बसवता येत नाही. लोकपालांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. सुनावणी संपल्यावर मला म्हणाल्या, "बरं वाचतात. ‘श’ आणि ‘ष’मध्ये मात्र फरक करत नाहीत."

निकाल आला तो आमच्या बाजूनं. अपघातामुळे गरज पडलेला इलाज म्हणून स्क्रूचा खर्च द्यायचा आणि त्यावर बसणाऱ्या दातांचाही, कारण इलाज एकच आहे. कवळीचे पैसे नामंजूर. मी चिडलो. बाई म्हणाल्या, "बरोबरच आहे. कवळी मी बिलात घुसवली होती. ती त्या वाक्यात बसत नव्हती." निकाल त्यांनी शेठच्या दुकानासमोर उभं राहून वाचला, आहे त्या तोंडानं, अगदी तळच्या सहीपर्यंत. लोकांना निम्मं कळलं नसेल. तरी शेठनी सगळ्यांना पेढे वाटले.

पक्के दात बसवायला आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी शेवटचा दात घट्ट केला, आरसा हातात दिला आणि म्हणाल्या, "बाई, आता म्हणा."

बाईंनी आरशात नीट बघितलं, जीभ पुढे आणली आणि म्हणाल्या, "त."

दवाखान्यात खुर्च्यांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली. "थ. द. ध. न." मग त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि धुळ्याच्या त्या मुलीला फोन लावला. नमस्कार नाही, कसं काय नाही. "कलम सात," त्या म्हणाल्या. "साठ नाही. सात."

मग मुलगी म्हणाली, "बाई, परत म्हणा."

बाईंनी परत म्हटलं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता रडत होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, "तुला काय झालं? चांगलं काम केलंस." पुढच्या काही आठवड्यांत राहिलेलं पुस्तक रेकॉर्ड झालं. त्या मुलीला आता धुळ्यातल्याच एका सरकारी कार्यालयात नोकरी आहे.

मग रविवारी सकाळी बाईंच्या ओट्यावर माणसं यायला लागली. सावद्याहून केळीचे एक व्यापारी आले होते, पाचोऱ्याहून एक रेल्वेवाले. सगळ्यांच्या हातात पॉलिसी. बाई प्रत्येकाची वाचायच्या आणि खोटी आशा कुणाला लावायच्या नाहीत. "तुमचा दात किडून पडला. याचे पैसे मिळायचे नाहीत. धुळ्याच्या दंतमहाविद्यालयात जा, तिथं कमी लागतात. पुढच्या वर्षी दातांचं वेगळं कलम असलेली पॉलिसी मिळते का बघा, आणि सही करायच्या आधी माझ्याकडे आणा."

त्याच सुमारास एका संध्याकाळी फोन आला. मी भाडं द्यायला खाली गेलो होतो. बाईंनी स्पीकर लावला.

"मॅडम, पैसे जमा झालेत का, ते विचारायला फोन केला. मी... त्या दिवशी सुनावणीत समोर होतो."

"जमा झाले," बाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी फोन?"

तो कंपनीचा टायवाला अधिकारी होता. मग एकदम अहिराणीत बोलायला लागला. "बाई, मी अमळनेरना शे. मनी माय गावले ऱ्हास. आते ती फोनवर बोलतच नही." त्याच्या आईचे दात पडून दोन वर्षं झाली होती. आई फोन घ्यायची, हं हं करायची आणि वडिलांकडे द्यायची. घरात सगळ्यांना वाटायचं, वयानं गप्प झाली. "तुम्हनं ऐकं ना बाई, तवय माले समजनं."

बाईंनी त्याला टोमणा मारला नाही. मला वाटलं होतं, मारतील. त्या म्हणाल्या, "विमा देणार नाही, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पैसे तू घाल. डॉक्टर थोडे थोडे घेईल. तिले धुळाले लई ये. मी येस संगे."

आणि खरंच त्याच्या आईबरोबर धुळ्याला गेल्या. एसटीनं, स्वतःच्या खर्चानं, एकदा नाही, जितक्या खेपा लागल्या तितक्या.

मी ते घर सोडायच्या थोडं आधीची गोष्ट. संध्याकाळी मी खाली आलो तर बाई फोन कानाला लावून बसल्या होत्या. मी दारात थांबलो. बाई बोलत नव्हत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. मधूनच "हं" म्हणायच्या, मान डोलवायच्या, एकदा तर तोंडावर हात ठेवून हसल्या. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज माझ्यापर्यंत येत होता आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता. चहा गार झाला. मी दिवा लावला. अखेर बाईंनी फोन ठेवला आणि कान चोळला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"अमळनेरनी माय," त्या म्हणाल्या. "दोन वरीसनं साचेल बठ्ठं सांगी ऱ्हायनी. आज निम्मंच व्हयनं. उरलेलं उद्या सांगते म्हणाली."